बारीक बाळाच्या अंगावरची चरबी : आहार, दाह आणि जनुकांमागची पार्श्वभूमी

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणातली नोंद ठेवायला सुरुवात केली. या बायकांची सरासरी उंची १५२ सेंमी, गरोदरपणाआधीचं वजन सुमारे ४२ किलो. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. पण खांद्याच्या पात्याखालची कातडी कॅलिपरच्या चिमट्यात धरून मोजली, तर वजनातल्या एवढ्या फरकाच्या मानाने चरबी फारशी घटलेलीच नव्हती. घट होती ती स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत.

आईच्या पोटातल्या उपासमारीचे परिणाम उतारवयात दिसतात, हे ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर १९८६ पासून मांडत होते. त्याला जनुकांच्या पातळीवरचा पुरावा मिळाला नेदरलँड्समध्ये. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तिथलं रेशन दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली गेलं होतं. त्या काळात गर्भ राहिलेली माणसं साठीला आली, तेव्हा २००८ मध्ये त्यांच्या वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावर मिथाइल गटांच्या (जनुकाचं काम कमी-जास्त करणाऱ्या छोट्या रासायनिक तुकड्यांच्या) खुणा भावंडांपेक्षा कमी आढळल्या. जनुकाची अक्षरं तीच. फरक त्यावरच्या खुणांत. हा फरक काही टक्क्यांचाच होता, हे मात्र ‘आहाराने जनुकं बदला’ म्हणणारे सहसा सांगत नाहीत.

हे मिथाइल गट फोलेट आणि बी-१२ या जीवनसत्त्वांच्या साखळीतून येतात. बी-१२ कमी पडलं की फोलेट एका रूपात अडकून पडतं, होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल साचतं आणि त्यापासून होणारं, मिथाइल गट पुरवणारं मेथिओनिन पुरेसं बनत नाही. पुण्याच्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं: दोन तृतीयांश मातांचं बी-१२ लिटरला १५० पिकोमोलच्या खाली, तर फोलेट कमी असलेली माता फक्त एक. बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. आपल्याकडे गरोदर बायकांना मिळणाऱ्या लोह-गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड (फोलेटचंच कृत्रिम रूप) असतं, बी-१२ नसतं. शिवाय फॉलिक ॲसिडने रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण बी-१२ अभावी मज्जातंतूंची झीज आतून चालूच राहते.

दाहाचा, म्हणजे शरीराच्या संरक्षणयंत्रणेने पेटवलेल्या सुजेचा, धागा वेगळीकडून आला. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन शोधलं. एरवी ते पेशीद्रवात जखडलेलं असतं. इशारा मिळाला की केंद्रकात शिरून दाहाची जनुकं चालू करतं. १९९३ मध्ये गोखन होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीतच टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रथिन तयार होताना दाखवलं. म्हणजे चरबी नुसतं कोठार नव्हे. तिच्यातून निघणाऱ्या आयएल-६ या दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनामुळे यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवतं, आणि तेच आपण प्रयोगशाळेत मोजतो.

हा आकडा वाचताना घोळ होतो. सर्दी-पडसं, दाताचं दुखणं, नुकतीच झालेली जखम, कशानेही सीआरपी चढतं. हृदयविकाराचा धोका पाहायचा तर अगदी कमी पातळीही मोजणारी हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणीच हवी. लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आलं तर तो आकडा बाजूला ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. बी-१२ च्या अहवालात एकक बघावं: १५० पिकोमोल म्हणजे मिलिलिटरला साधारण २०० पिकोग्रॅम.

गावातली ती मुलं मोठी झाल्यावर, २०१२ मध्ये, त्यांच्यावरच पुढचा प्रयोग सुरू झाला. गरोदरपणाची वाट न पाहता किशोरवयापासून रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, म्हणजे साधारण अर्धा लिटर दुधात असतं तेवढंच.