दाह, आनंदामाइड आणि पहिले तीन महिने

गांजातला नशा आणणारा घटक टीएचसी शरीरात ज्या जागी जाऊन बसतो, ती जागा, म्हणजे सीबी-१ रिसेप्टर, फक्त मेंदूत नसते. गर्भाशयात असते, गर्भनलिकेत असते. तिथे बसणारे पदार्थ शरीर स्वतःच तयार करतं. त्यांना एंडोकॅनाबिनॉइड म्हणतात. आनंदामाइड १९९२ साली सापडलं, २-एजी १९९५ साली. दोन्ही पेशीच्या पडद्यातल्या चरबीपासून गरजेपुरते बनतात आणि काम झालं की लगेच मोडले जातात. आनंदामाइड मोडायचं काम मुख्यतः एफएएएच या एन्झाइमकडे आहे, आणि आपोआप होणाऱ्या गर्भपाताच्या संदर्भात सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते याच्याकडे.

कारण इथे मात्रा फार नाजूक आहे. रुजायला तयार असलेला उंदराचा गर्भ प्रयोगशाळेत ७ नॅनोमोलर (द्रावणातल्या अगदी सूक्ष्म प्रमाणाचं एकक) आनंदामाइडमध्ये ठेवला तर तो रुजण्यासाठी सक्रिय होतो. २८ नॅनोमोलरमध्ये ठेवला तर तीच प्रक्रिया दबते. फरक फक्त चौपट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. नदीला पाणी हवंच, प्रश्न पातळीचा असतो. आनंदामाइडचं काम अजिबातच चाललं नाही तरीही बिघडतं: ज्या उंदरांमध्ये सीबी-१ चा जीनच काढून टाकला, त्यांच्यातले बरेच गर्भ गर्भाशयापर्यंत न पोचता नलिकेतच अडकून राहिले.

दाह याच पातळीत ढवळाढवळ करतो. ई. कोलायसारख्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस नावाचा घटक असतो. जंतू नसताना नुसतं एलपीएस गाभण उंदरिणीला सातव्या दिवशी टोचलं, तरी गर्भ विरघळून जातात. गर्भाशयात नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन वाढतात, गर्भ टिकवणारं संप्रेरक प्रोजेस्टेरॉन घसरतं, आनंदामाइड चढतं. सीबी-१ नसलेल्या उंदरिणींना हाच डोस दिला तर नुकसान बरंच कमी होतं. म्हणजे आनंदामाइड इथे नुसतं बघ्याच्या भूमिकेत नाही. माणसाच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींतही असाच कल दिसतो: गॅमा इंटरफेरॉनसारखे दाह पेटवणारे संदेश एफएएएच कमी करतात, तर इंटरल्यूकिन-१० सारखे शांत करणारे संदेश आणि प्रोजेस्टेरॉन ते वाढवतात.

स्त्रियांमधला पहिला ठळक पुरावा २००० साली इटलीतून आला. सातव्या-आठव्या आठवड्यात रक्त तपासलेल्या ५० निरोगी गर्भवतींपैकी ७ जणींचा गर्भपात झाला, आणि त्यांच्या लिम्फोसाइटमध्ये एफएएएच कमी होतं. संख्या लहान आहे, हे विसरू नये. शिवाय लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तिथे एफएएएचचा काही संबंध नाही, आणि पपईचा किंवा जिना चढण्याचाही नाही.

मग आनंदामाइडची तपासणी करून का घेऊ नये? अडचण नमुन्यातच आहे. रक्त नळीत आल्यावरही पेशी आनंदामाइड सोडत राहतात, त्यामुळे नळी बाहेरच ठेवली तर आकडा फुगतो. नळी लगेच बर्फात ठेवायची, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, लवकरात लवकर वेगळा करायचा, एफएएएच रोखणारं रसायन घालायचं. पदार्थ प्लास्टिकला चिकटतो म्हणून पुढचं काम काचेत करायचं, आणि मोजायचं मास स्पेक्ट्रोमीटरवर. एवढी शिस्त संशोधनात जमते. शिवाय आकडा हाती आला तरी त्यावर द्यायचं ठरावीक औषध नाही.

त्यातल्या त्यात जवळचं औषध प्रोजेस्टेरॉन, पण तेही सरसकट चालत नाही. ब्रिटनमध्ये २०१९ साली जाहीर झालेल्या चाचणीत पहिल्या १२ आठवड्यांत रक्तस्राव झालेल्या ४,१५३ स्त्रिया होत्या. योनीमार्गे ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सोळाव्या आठवड्यापर्यंत. एकंदरीत बाळ हाती येण्याचं प्रमाण ७५ टक्के, बनावट औषध घेणाऱ्यांत ७२. हा फरक ठोस म्हणता येत नाही. मात्र आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या गटात तो ७२ विरुद्ध ५७ होता. म्हणून डॉक्टर आधीचा इतिहास खोदून विचारतात. तो लपवू नये, सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी.

खरी काळजी वाटते ती ‘नैसर्गिक, सूज उतरवणारं’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या विजया (भांगेच्या झाडाच्या) तेलाची आणि त्याच झाडातल्या, नशा न आणणाऱ्या सीबीडी या घटकाची. प्रयोगशाळेतल्या काही प्रयोगांत सीबीडी एफएएएचला अडवतं. ज्या एन्झाइमने आनंदामाइड आटोक्यात ठेवायचं, त्यालाच अडवू शकणारा पदार्थ गरोदरपणी घेण्यात शहाणपण नाही. भांग, मग ती महाशिवरात्रीच्या थंडाईतली का असेना, आणखी वाईट: टीएचसी थेट सीबी-१ वर बसतो, एफएएएचला तो मोडता येत नाही, चरबीत साठून अनेक दिवस टिकतो आणि वारेतून गर्भापर्यंत जातो. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणणंही टाळावं. विसाव्या आठवड्यानंतर तर त्याने गर्भाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. तापाला डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

हातात आहे ते संसर्ग लवकर पकडणं. लघवीत जंतू असूनही जळजळ नसते, असं गरोदरपणात बऱ्याचदा होतं. उपचार न झाल्यास संसर्ग किडनीपर्यंत चढू शकतो आणि मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो. म्हणून नाव नोंदवतानाच, सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय असो वा खासगी दवाखाना, साध्या तपासणीसोबत लघवीच्या कल्चरबद्दलही (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीबद्दल) विचारावं. जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडायची, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचली पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावी. उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर जंतू वाढतात आणि रिपोर्ट फसवा येतो. एकाच जातीचे जंतू मिलिलिटरला एक लाख किंवा जास्त आले तर त्रास नसला तरी औषध लागतं, आणि गोळ्यांचा कोर्स अर्ध्यावर सोडायचा नाही. ताप १००.४ फॅरनहाइटवर, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास, किंवा तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.