ग्रनाशची वाईन बाटलीत मुरते तेव्हा नेमकं काय होतं?

तासगावात बेदाण्याचा ज्याचा धंदा आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, की माल उन्हाळ्यात बाहेर राहिला की काळपट पडतो, म्हणून तर आपल्याकडं बेदाणा कोल्ड स्टोरेजला जातो. ग्रनाश या द्राक्षाची रेड वाईन समजून घ्यायला ही एवढी ओळख पुरते, कारण फिनॉल (द्राक्षातली रंग आणि तुरटपणा देणारी द्रव्यं), ऑक्सिजन आणि उष्णता यांचाच खेळ बाटलीतही चालतो, फक्त खूप सावकाश.

ग्रनाश म्हणजे स्पेनमधला गार्नाचा, पण त्याचं नाव गाजलं ते दक्षिण फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यात, शातोनफ-द्यु-पाप या वाईनच्या गावाला. वेल उन्हाला दणकट, पिकतो उशिरा आणि साखर धरतो भरपूर. आपले बागायतदार रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतात ना, तसं बघितलं तर हा 24-25 पर्यंत सहज जातो, आणि एका लिटरला साधारण 17 ग्रॅम साखरेमागे 1 टक्का अल्कोहोल धरलं की वाईन 14-15 टक्क्यांवर येते. साल मात्र पातळ, त्यामुळं रंग देणारं अँथोसायनिन कमी, तुरटपणा देणारं टॅनिन मवाळ, आंबटपणाही कमी. आता अडचण अशी की टॅनिनच ऑक्सिजन अंगावर घेतं, तेच कमी म्हटल्यावर ही वाईन लवकर विटकरी पडते. म्हणून तिकडं सिरा आणि मुर्वेद्र ही द्राक्षं मिसळतात, आणि पुष्कळ जण लहान नव्या पिंपांऐवजी काँक्रीटच्या टाक्या नाहीतर मोठी जुनी लाकडी पिंपं वापरतात, तिथं हवा कमी लागते.

चव घ्यायच्या आधी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि फक्त वाईनची कड बघा. माणकासारखी लाल असेल तर वाईन तरुण, वास स्ट्रॉबेरी, रासबेरी आणि पांढऱ्या मिरीचा. कड विटेसारखी दिसली तर ती मुरलेली, मग वाळलेलं अंजीर, चामडं, चहापत्ती असं काहीतरी नाकाला जाणवतं. टॅनिन आणि रंगाचे रेणू एकमेकांना जोडून मोठे होतात, त्यातले काही तळाशी गाळ होऊन बसतात, त्यामुळं तुरटपणाही उतरतो. वाईन 16 अंशांच्या आसपास असावी, गरम असली की नुसता अल्कोहोलचा भपका येतो आणि बाकी सगळं झाकलं जातं.

जुनी तेवढी भारी हे मला अजिबात पटत नाही. साधी ग्रनाश तीन-चार वर्षांत प्यावी, चांगल्या शातोनफ-द्यु-पापचं वेगळं, ती दहा-पंधरा वर्षंही टिकते, पण ती 12-14 अंशांच्या तळघरात, बूच ओलं राहील अशी आडवी ठेवलेली. दर 10 अंशांना रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा 40 ला टेकतो, तेव्हा शोकेसमध्ये उभी ठेवलेली बाटली मुरत नाही, ती शिजते, फळाचा वास जाऊन उकळलेल्या जॅमसारखा वास येतो. पलूसला वाईन पार्क आहे, द्राक्षं तर दारातच, तरी बाटली घरी कशी ठेवायची हे आपल्याकडं कुणी फारसं बोलत नाही. तळघर नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि प्यायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. उघडलेली बाटली बूच लावून परत फ्रिजमध्येच, आणि दोन दिवसांत संपवा.