‘ब्रोक’ की ‘ब्रोकन’? दुसऱ्या-तिसऱ्या रूपाचा घोळ

‘आय हॅव वेन्ट’, ‘ही हॅज ब्रोक इट’. चांगली शिकलेली माणसं असं बोलतात तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडते. इंग्रजी क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता प्रत्येकाने घोकलेला असतो: गो-वेन्ट-गॉन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन. रूपं तोंडपाठ असतात, पण कुठलं कुठे बसवायचं ते कोणी सांगितलेलं नसतं.

रूपं कशी होतात ते पटकन उरकतो. बहुतेक क्रियापदांना ‘एड’ लागतं आणि दुसरं-तिसरं रूप एकच होतं: वॉक्ड, वॉक्ड. ‘कट’, ‘पुट’ तिन्ही वेळा तसेच राहतात. ‘कम-केम-कम’, ‘रन-रॅन-रन’ फिरून पहिल्यावर येतात. ‘वेन्ट’ तर मुळात ‘गो’चं नव्हेच, ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं ते रूप ‘गो’ला दत्तक गेलंय. ‘गॉट’ की ‘गॉटन’ यावर वाद घालू नका. अमेरिकेत ‘गॉटन’ चालतं, ब्रिटनमध्ये सहसा ‘गॉट’.

खरी मेख पुढे आहे. दुसरं रूप एकट्याने वाक्य चालवतं: ‘शी रोट अ लेटर’. तिसऱ्याला ते जमत नाही. त्याला ‘हॅव’ किंवा ‘बी’चा आधार लागतो, नाहीतर ते विशेषणासारखं नामाला चिकटतं. ‘वॉक्ड’मध्ये हा फरक दिसतच नाही, म्हणून वर्षानुवर्षं चूक झाकली जाते आणि ‘ब्रेक’ आला की उघडी पडते.

आपल्याला चकवते ती मराठी. ‘मी पत्र लिहिलं’ आणि ‘मी पत्र लिहिलं आहे’, दोन्हीकडे ‘लिहिलं’च. मग डोक्यात हिशेब होतो: लिहिलं म्हणजे ‘रोट’, आहे म्हणजे ‘हॅव’, की झालं ‘हॅव रोट’. पण उतारा मराठीतच आहे: ‘लेला-लेली-लेलं’. जिथे ते बसतं तिथे तिसरं रूप, बसत नाही तिथे दुसरं. ‘खुर्ची मोडली’ म्हणजे ‘द चेअर ब्रोक’. ‘मोडलेली खुर्ची’ म्हणजे ‘द ब्रोकन चेअर’. ‘मी पत्र लिहिलेलं आहे’ जरा लांबट वाटेल, पण चालतं; म्हणून तिथे ‘हॅव रिटन’. आता ‘मी काल पत्र लिहिलं’मध्ये ‘लिहिलेलं’ घालून बघा. वाक्य लोंबकळतं, पुढे ‘होतं’ मागतं. तिथे ‘रोट’च हवं. (‘मी तुला सांगितलेलं!’ असं आपण सर्रास म्हणतो, पण त्यातलं ‘होतं’ आपण गिळलेलं असतं. इंग्रजीत ते ‘हॅड टोल्ड’.)

हीच कसोटी ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’लाही लागते: कंटाळलेला आणि कंटाळवाणा. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणारा भलतीच कबुली देऊन बसतो.

एका ठिकाणी मात्र ती फसते. ‘झोपलेलं मूल’ म्हणजे ‘स्लेप्ट चाइल्ड’ नव्हे, ‘स्लीपिंग चाइल्ड’. ‘बसलेला माणूस’सुद्धा ‘सिटिंग’. झोपणं, बसणं, उभं राहणं अशा स्थितींना आपण ‘लेला’ लावतो, इंग्रजी ‘इंग’ लावतं. एवढा अपवाद लक्षात ठेवा.

तिसऱ्या रूपाच्या ‘पास्ट पार्टिसिपल’ या व्याकरणातल्या नावावर माझा जुना राग आहे. त्यातलं ‘पास्ट’ निव्वळ दिशाभूल करतं. ‘द लेटर विल बी रिटन टुमॉरो’: पत्र उद्याचं, रूप तेच. काळ सांगण्याचं काम सोबतचं सहायक क्रियापद करतं. म्हणून मी शिकवताना नुसतं ‘तिसरं रूप’ म्हणतो.

आणि रूप बरोबर आलं तरी एक खड्डा उरतोच. ‘मी काल अर्ज दिला आहे’ हे मराठी ठणठणीत आहे, ‘आय हॅव गिव्हन इट यस्टरडे’ नाही. ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘2019 मध्ये’ असा संपलेला काळ सांगितलात की ‘हॅव’ गळून पडतो: ‘आय गेव्ह इट यस्टरडे’. ‘काल’ काढून टाका, मग ‘हॅव गिव्हन’ खुशाल म्हणा.