टकटक थांबवायला जाड तेल? मुळीच नको

बडोद्यात बंगल्यांच्या, कारखान्यांच्या हिरवळी राखणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: बसून चालवायच्या मोअरचं, म्हणजे गवत कापायच्या यंत्राचं, इंजिन टकटक करू लागलं की जाड तेल ओता, आवाज बसेल. कधीकधी बसतोही, आणि तिथंच घात होतो. बेअरिंग झिजून वाढलेली फट तशीच राहते, झीजही चालूच. शेवटी पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, फोडतो.

आधी तेलाची पातळी बघा. मग इंजिन चालू ठेवून क्लचनं फक्त पाती थांबवा. आवाज थांबला तर दोष बहुधा इंजिनात नाहीच. पातं, पुली, बेल्ट तपासा.

थांबला नाही तर इंजिन बंद करा, प्लगची वायर काढा आणि फ्लायव्हील (शाफ्टच्या टोकावरचं जड चाक) हातानं हलवून पाहा. सैल फ्लायव्हील किंवा तुटलेली चावी (ते शाफ्टवर पक्कं धरणारा धातूचा छोटा तुकडा) अगदी सैल रॉडसारखी ठोकते, आणि चावी तर किरकोळ किमतीची! पिस्टनवर साचलेला कार्बन हेडला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला, लागूनही असाच आवाज येतो. हेड उघडून तो खरवडावा लागतो. यातलं काहीच नसेल तर कृपा करून इंजिन पुन्हा सुरू करू नका, रॉड तपासून घ्या.

तेल पुस्तिकेत सांगितलेलंच घाला. आपल्या उन्हाळ्यात अशा बहुतेक पेट्रोल इंजिनांना एसएई ३० या जाडीचं तेल चालतं.