फॉक्सप्रोतून बाहेर पडताना: कोड कन्व्हर्जनची पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्याकडच्या साखर कारखान्यांत आणि पतसंस्थांत डॉसच्या काळात कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांच्यासोबत नोंदी ठेवायचे प्रोग्रॅम लिहायची डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रो ही साधनंही आली. काट्यावरची स्लिप, सभासद कोड, तोडणी-वाहतूक, पंधरवड्याचं ऊसबिल हे सगळं डीबीएफ फायलींत, म्हणजे या साधनांच्या नोंदींच्या तक्त्यांत, जाऊन बसलं. मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली, 2007 मध्ये पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं आणि जानेवारी 2015 मध्ये शेवटच्या आवृत्तीचा सपोर्ट थांबवला. डॉसवाल्यांची अडचण त्याच्या आधीची, कारण 64 बिट विंडोजवर डॉसचा प्रोग्रॅम चालतच नाही. डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून हंगाम काढणं ही त्यावरची तात्पुरती सोय.

जुना कोड यंत्राकडूनच नव्या भाषेत उतरवून घ्यायची, म्हणजे कोड कन्व्हर्जनची, खटपट बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज आणि बेलकोर या संशोधनसंस्थांमधल्या मंडळींनी 1990 मध्ये एफटूसी हे साधन आणलं. ते फोरट्रान 77 या जुन्या भाषेतला कोड सी भाषेत नेई आणि उत्तर बरोबर येई. पण फोरट्रानचा अ‍ॅरे (किमतींची क्रमवार यादी) 1 पासून मोजला जातो, सीचा 0 पासून. त्यामुळे प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी पॉइंटर (यादीची सुरुवात दाखवणारा पत्ता) मागे सरकवलेला असे. असा कोड चालवायला ठीक, पण दुरुस्त करायला नकोसा. पुढे मायक्रोसॉफ्टच्या व्हीबी 6 या जुन्या भाषेतला कोड त्यांच्याच नव्या डॉटनेटमध्ये नेणारा विझार्ड (आपोआप काम करून देणारा प्रोग्रॅम) आला. न जमलेल्या ओळींवर तो इशाऱ्याच्या कॉमेंट टाकून ठेवी. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमधून, व्हिज्युअल स्टुडिओ 2010 मध्ये, तो काढूनच टाकला. क्लिपरवाल्यांनी वेगळी वाट धरली. भाषा तीच ठेवून 1999 पासून हार्बर हा नवा मुक्त कंपायलर (लिहिलेला कोड यंत्रावर चालता करणारा प्रोग्रॅम) उभा केला. ज्यांना प्रोग्रॅम फक्त चालता ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी हीच वाट आजही सर्वांत स्वस्त पडते. तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही, एवढंच.

फॉक्सप्रोत वाक्यरचना बदलणं सोपं. गोची होते ती न लिहिलेल्या नियमांत. सेट एक्झॅक्ट ही काटेकोर तुलनेची सेटिंग ऑफ असताना बरोबरचं (=) चिन्ह उजवीकडचा मजकूर संपेपर्यंतच तुलना करतं. म्हणजे गावकोड "121" हा "12" शी जुळतो, आणि उजवीकडे रिकामा मजकूर असेल तर सगळेच जुळतात. गावाचा कोड रिकामा सोडला की सगळ्या गावांची यादी छापली जाते, ती यामुळे. कन्व्हर्टरने तिथे काटेकोर तुलना लिहिली की यादी कोरी येते.

राउंडचं, म्हणजे रक्कम पूर्ण रुपयात करण्याचंही, तसंच. 1286.50 रुपयांची कपात फॉक्सप्रो 1287 करतं. सी शार्प आणि पायथन या नव्या भाषांचं नेहमीचं राउंड अर्ध्यावर सम आकड्याकडे झुकतं, म्हणून तिथे 1286 येतात. एका बिलात रुपयाचा फरक कुणी बघत नाही, पण खतावणी जुळत नाही.

मराठी नावांचा प्रश्न आणखी वेगळा. सीडॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (कॉम्प्युटरवर भारतीय लिपी आणणारं कार्ड) भरलेला, इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या कोडपद्धतीतला मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो, त्यामुळे तो युनिकोड या आजच्या कोडपद्धतीत सहज जातो. फॉन्टवर आधारलेल्या मजकुरात मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, म्हणून वर्णानुक्रम लावला की मिरज, विटा, शिराळा एकाच ठिकाणी गोळा होतात. त्यातून प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचे कोड निराळे, म्हणजे रूपांतराचा तक्ताही फॉन्टगणिक वेगळा लागतो.

2020 मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी ट्रान्सकोडर हे एआय साधन दाखवलं. सी प्लस प्लस, जावा आणि पायथन यांच्यातलं हे रूपांतर, जोडीने लावलेली उदाहरणं न देता शिकवलेलं. आयबीएमने 2023 मध्ये मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरांवरच्या कोबोल या जुन्या भाषेसाठी तसं साधन जाहीर केलं. अशा साधनांनी लिहिलेला कोड वाचायला छान असतो, आणि धोकाही तिथेच आहे. जुना विझार्ड निदान अडलं तिथे खूण करायचा, इथे चुकलेली ओळही नीटनेटकी दिसते.

म्हणून संपलेल्या हंगामाच्या स्लिपा जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रोग्रॅममधून काढाव्यात आणि सभासदवार एकूण, कपात व निव्वळ रक्कम पैशापर्यंत ताडून बघावी. निवडायचे ते पंधरवडे दर बदललेले, वारसनोंद झालेले, स्लिपा रद्द झालेले. नव्या प्रोग्रॅमचं टनेज काटा रजिस्टरपेक्षा जास्त भरलं, तर आधी रद्द स्लिपा बघाव्यात. डीबीएफमध्ये डिलीट केलेली नोंद पॅक (फायलीची साफसफाई) करेपर्यंत फायलीतच राहते, फक्त तिच्या पहिल्या बाइटवर तारांकन येतं. नव्या प्रोग्रॅमने तो बाइट वाचलाच नाही, तर रद्द झालेला ऊसही बिलात येतो.