मेंदूविकासाचे विकार आणि जनुकनियमन

कोणते जनुक कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती चालावे हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे जनुकनियमन. प्रथिने बनवणारी जनुके माणसात सुमारे २०,००० असून शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच असतात. चेतापेशी आणि यकृतपेशी निराळ्या घडतात त्या नियमनामुळे. गर्भावस्थेत आणि पहिल्या काही वर्षांत हे नियमन चुकले, तर बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, आकडी, उशिरा बोलणे असे विकार होऊ शकतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात अशा मुलाबद्दल दोन कारणे हमखास ऐकू येतात. घरात मराठी आणि बाहेर कन्नड, म्हणून बोलणे लांबले, हे पहिले. ते चुकीचे आहे. दोन भाषा कानावर पडल्याने वाचाविकार होत नाही, उलट या समजुतीपायी तपासणीची मोलाची वर्षे वाया जातात. मामाची मुलगी केली म्हणून असे झाले, हे दुसरे. ते काही विकारांनाच लागू पडते. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. दोघांकडून सदोष प्रत यावी लागते असे विकार नात्यातल्या लग्नात जास्त आढळतात. पण सीएचडी८, एआरआयडी१बी, केएमटी२डी अशा नियामक जनुकांच्या विकारांत बहुधा एकच प्रत बिघडलेली असते, आणि तो बिघाड बहुतेक वेळा त्या मुलातच नव्याने आलेला असतो. रेट सिंड्रोम या मुख्यतः मुलींत दिसणाऱ्या विकारात तर तो बहुतेकदा वडिलांच्या शुक्रपेशीत घडतो. सुनेला बोल लावण्याला वैद्यकीय आधार नाही.

एक प्रत शाबूत असूनही आजार का होतो? कारण प्रश्न प्रमाणाचा आहे. एमईसीपी२ हे एक्स गुणसूत्रावरील जनुक डीएनएवर मिथिल गट (जनुक बंद ठेवायला मदत करणारी छोटी रासायनिक खूण) बसलेल्या जागांना चिकटणारे प्रथिन बनवते. त्याच्या बिघाडाने रेट सिंड्रोम होतो, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. मुलगी ६ ते १८ महिन्यांपर्यंत बरी वाढते, मग शिकलेले शब्द आणि हातांचा वापर गमावते व सतत हात चोळत राहते. मुलग्यांत एक्स एकच असतो; त्यावर याच जनुकाच्या दोन प्रती झाल्या, तर वेगळाच गंभीर विकार दिसतो. म्हणजे कमीही चालत नाही, जास्तही नाही. २००७ मध्ये उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केल्यावर लक्षणे बरीच मागे हटली. चेतापेशी मेलेल्या नसतात, हे त्यातून कळले.

फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक अक्षमतेच्या आनुवंशिक विकारात एफएमआर१ जनुकाच्या सुरुवातीची सीजीजी ही तीन अक्षरे वाजवीपेक्षा जास्त वेळा येतात. ४४ पर्यंतची संख्या सामान्य, ५५ ते २०० ही पूर्वावस्था. २०० च्या वर गेल्यास त्या भागावर मिथिल गट बसतात आणि जनुक बंद पडते. पूर्वावस्था आईकडून अपत्याकडे जाताना वाढून पूर्ण विकार होऊ शकतो; वडिलांकडून मुलीला ती सहसा पूर्वावस्था म्हणूनच मिळते. म्हणून मावशी, मामा, आजोबा यांचीही माहिती घेऊन तीन पिढ्यांची वंशावळ काढावी. आजोबांचा उतारवयातला कंप किंवा मावशीची चाळिशीआधी बंद झालेली पाळी हाही पूर्वावस्थेचा धागा असू शकतो.

तपासणीत चूक होते ती इथे: एक्झोम चाचणी (जनुकांचे प्रथिने बनवणारे भाग वाचणारी) 'नॉर्मल' आली की सगळे संपले, असे घरचे धरून चालतात. ही चाचणी जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनएचा, जेमतेम १ ते २ टक्के भाग वाचते. बहुतेक नियामक भाग त्याबाहेर राहतात. फ्रॅजाइल एक्सची पुनरावृत्ती तिच्यात भरवशाने कळत नाही, ती चाचणी वेगळी मागावी लागते. अँजलमन आणि प्रेडर-विली या १५व्या गुणसूत्राच्या विकारांसाठी मिथिल गट कुठे बसले आहेत हे पाहणारी मिथिलेशन चाचणी लागते. डीएनए चाचणीचे रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घेतात, लहान मुलाचे २ ते ३ मिली पुरते. नळी हलकेच उलटसुलट करावी, जोरात हलवू नये. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत पाठवताना रक्ताचा थंडीने बर्फ होऊ देऊ नये. हिरव्या टोपणाची हेपरिन नळी गुणसूत्रांच्या चाचणीसाठी असते, डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआर तंत्राला ती अडथळा आणते.

औषधेही नियमनात ढवळाढवळ करतात. आकडीवरचे व्हॅल्प्रोएट हिस्टोनवरील (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेले असते त्या प्रथिनांवरील) अॅसिटिल गट काढणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) रोखते, आणि गरोदरपणी घेतल्यास बाळात मज्जानलिकेचे (गर्भात जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात तिचे) दोष व स्वमग्नता यांचा धोका वाढतो. गोळी मनाने बंद करू नये, झटके उसळतात. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून ती बदलून घ्यावी.

नव्याने आलेला बदल पुढच्या बाळात पुन्हा येण्याची शक्यता साधारण १ टक्का असते. गर्भजल तपासणी १५ आठवड्यांनंतर होते, पण पहिल्या मुलातला नेमका बदल माहीत असेल तरच तिचा उपयोग. तो रिपोर्ट पुढच्या गरोदरपणाआधी हातात हवा.