धूळवाफ पेरणी आणि पंधरावा क्रमांक

२०२५ च्या ऑगस्टचा दुसरा आठवडा. बेळगावात पावसाची झड लागलेली, गल्लीच्या तोंडाशी गणपतीच्या मांडवाचे बांबू नुकते रोवलेले, आणि माझा भाचा लाल जर्सी घालून आमच्या टिळकवाडीच्या घरात. ओल्या चपला दारात काढता काढताच त्याने सांगून टाकलं, "मामा, यंदा वेगळं आहे बघ. यंदा आपण पहिल्या चारात."

'आपण' म्हणजे मँचेस्टर युनायटेड, इंग्लंडमधला फुटबॉल संघ. या संघाने इंग्लिश प्रीमियर लीग शेवटची जिंकली ती २०१३ साली. भाचा तेव्हा बालवाडीत होता. जाणत्या वयात त्याने आपल्या संघाला लीग जिंकताना एकदाही पाहिलेलं नाही. नुकत्याच संपलेल्या हंगामात तर २० संघांत १५ वा क्रमांक आला होता. ३८ सामने, ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव. युरोपा लीगच्या अंतिम सामन्यातही टॉटनहॅमकडून ०-१ अशी हार. तरी ऑगस्ट उजाडला आणि पोरगा पुन्हा ताजातवाना.

त्याला वेड्यात काढणं सोपं होतं. पण मी गणित शिकवणारा माणूस, कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्याच्या बोलण्यात दोन वेगळे दावे मिसळलेले आहेत हे तेव्हा लक्षात आलं. 'गेल्या वर्षापेक्षा बरं होईल' हा एक. 'आपण पहिल्या चारात' हा दुसरा. पहिला गणिताला मान्य आहे. दुसरा कुठून येतो हे पाहायला मात्र गणित सोडून मेंदूकडे जावं लागतं.

आधी पहिला दावा. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली आईवडील आणि त्यांची मुलं यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. खूप उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांइतकी नाहीत. खूप बुटक्या आईवडिलांची मुलंही त्यांच्यापेक्षा थोडी उंच निघतात. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. जिथे गुण आणि नशीब दोन्ही मिळून निकाल लागतो, तिथे हे घडतंच. एखाद्या चाचणीत वर्गातून सर्वांत कमी मार्क मिळवणारं पोर थोडं कच्चं असतं हे खरं, पण त्या दिवशी त्याला ताप असेल, नेमका न वाचलेला धडा आला असेल. पुढच्या चाचणीत ताप पुन्हा येईलच असं नाही. त्यामुळे काहीही न करता त्याचे मार्क थोडे वाढतात, आणि श्रेय मात्र नव्या क्लासला मिळतं.

युनायटेडचे त्याआधीच्या पाच हंगामांतले क्रमांक पाहा: ३, २, ६, ३, ८. त्यानंतर एकदम १५. एवढ्या मोठ्या घसरणीत संघाचा कमकुवतपणा आहेच, पण दुखापती, गोलखांबाला लागून परतलेले चेंडू, शेवटच्या मिनिटाला खाल्लेले गोल यांचाही वाटा असतो. तेवढं दुर्दैव दरवर्षी त्याच मापात वाट्याला येत नाही. म्हणून 'यंदा बरं होईल' असं म्हणणारा चाहता भाबडा नसतो. गाल्टन त्याच्या बाजूने साक्ष देईल.

प्रशिक्षक बदलला की संघ सुधारतो, या समजुतीच्या मुळाशीही बऱ्याच अंशी हेच आहे. नेदरलँड्समधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या व्यावसायिक फुटबॉलचा असा अभ्यास झाला आहे. लागोपाठ हरल्यावर ज्यांनी प्रशिक्षक काढला ते क्लब सावरले. पण तितकेच हरूनही ज्यांनी प्रशिक्षक ठेवला, तेही जवळपास तसेच सावरले. नव्या माणसाच्या गळ्यात पडलेला हार बऱ्याचदा सरासरीचा असतो.

आता नशिबाचा वाटा नेमका किती, हे मोजायला एक सुंदर साधन आहे. सिमेऑन देनी प्वासाँ हा फ्रेंच गणिती. क्वचित आणि एकमेकांशी संबंध न ठेवता घडणाऱ्या घटना ठरावीक काळात किती वेळा घडतील, याचं सूत्र त्याने १८३७ साली मांडलं. १८९८ मध्ये बोर्तकिएविच या अभ्यासकाने ते प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ लागून मेलेल्या सैनिकांच्या आकड्यांना लावून दाखवलं, आणि ते चपखल बसलं. घोड्याच्या लाथेला बसलेलं सूत्र फुटबॉलच्या लाथेलाही बऱ्यापैकी बसतं, कारण गोलही क्वचितच होतात.

मी ते युनायटेडच्या पडत्या हंगामाला लावलं. ३८ सामन्यांत त्यांनी ४४ गोल केले आणि ५४ खाल्ले. म्हणजे सामन्यामागे सरासरी १.१६ केले, १.४२ खाल्ले. एवढे दोनच आकडे सूत्रात घातले, बाकी ना खेळाडूंची नावं, ना डावपेच. उत्तर आलं: सुमारे १२ विजय, १० बरोबरी, १६ पराभव. प्रत्यक्षात ११, ९ आणि १८. कागदावर ते आकडे उतरले तेव्हा मी भाच्याला हाक मारून दाखवले. त्याला फारसं कौतुक वाटलं नाही, मला मात्र रात्रभर वाटत राहिलं. वर्षभर ज्या सामन्यांवर तो रडला-ओरडला, त्यांचा एकूण ताळेबंद दोन सरासऱ्यांत मावत होता.

त्याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच. अशा संघाला एखादा सामना जिंकण्याची शक्यता शंभरात साधारण ३१. मग हंगामाच्या पहिल्या पाच सामन्यांपैकी किमान तीन जिंकण्याची शक्यता किती? शंभरात १७. म्हणजे काहीही सुधारणा न झालेला, १५ व्या लायकीचाच संघ दर सहा हंगामांत एकदा अशी झकास सुरुवात करील की अख्ख्या गल्लीला वाटावं, आता दिवस पालटले. क्रिकेटच्या कसोटीत दुबळा संघ पाच दिवस लपून राहू शकत नाही. फुटबॉलमध्ये एका गोलाने जग उलटंपालटं होतं, म्हणून इथे आशेला खाद्य कधी कमी पडत नाही.

आता दुसरा दावा, 'आपण पहिल्या चारात'. अमेरिकेत हाताने खेळतात त्या फुटबॉलच्या चाहत्यांवर या बाबतीत नेटके अभ्यास झाले आहेत. तिथल्या लीगमध्ये तेव्हा प्रत्येक संघ १६ सामने खेळत असे. एक जिंकला की दुसरा हरणारच, म्हणून सगळ्या संघांची सरासरी आठ विजयांच्या वर जाऊच शकत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हजाराहून जास्त चाहत्यांना विचारलं, तुमचा संघ यंदा किती जिंकेल? सरासरी उत्तर साडेनऊच्या घरात आलं. सगळ्यांच्या आशा एकत्र केल्या तर त्या लीगमध्ये मावतच नाहीत.

त्याआधी २०११ मध्ये मॅसी, सिमन्स आणि आर्मर यांनी याहून बोलकी गोष्ट दाखवली होती. त्यांनी २००८ चा पूर्ण हंगाम आठवड्यामागून आठवडा चाहत्यांकडून अंदाज घेतले. अचूक अंदाजाला पैशाचं बक्षीसही ठेवलं. दर आठवड्याला निकाल समोर येत होता, चूक कळत होती. तरी चार महिन्यांनंतरही आवडत्या संघाबद्दलचा फाजील विश्वास कमी झाला नाही. अनुभव शहाणं करतो असं आपण म्हणतो. पण जिथे मन गुंतलं आहे तिथे अनुभवाची शाळा फार सावकाश चालते.

असं का व्हावं? मेंदूच्या अभ्यासक टाली शारोट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं की अपेक्षेपेक्षा चांगली बातमी मिळाली की माणसं आपला अंदाज भराभर बदलतात, वाईट बातमी आली की हात आखडता घेतात. या निष्कर्षावर पुढे २०१६ मध्ये सांख्यिकीच्या अंगाने कडक टीकाही झाली, त्यामुळे त्याला अंतिम शब्द मानू नये. मला स्वतःला एक वेगळं काम जास्त पटतं. डॉमिनिक जॉन्सन आणि जेम्स फाउलर यांनी २०११ मध्ये एक गणिती प्रतिकृती मांडली. मिळणारं फळ मोठं आणि चुकल्याचा खर्च त्या मानाने लहान असेल, तर स्वतःबद्दल जरा जास्तच विश्वास बाळगणारे प्राणी पिढ्यानपिढ्या टिकतात. अचूक अंदाज करणारे मागे पडतात, कारण ते पुष्कळदा मैदानातच उतरत नाहीत.

हे वाचताना मला आमच्या खानापूरकडच्या नातेवाईकांची धूळवाफ पेरणी आठवली. मे महिना सरत आलेला, आभाळात ढगाचा पत्ता नाही, जमीन इतकी कोरडी की पेरणीच्या कुरीमागे धुळीचा लोट उठतो, आणि त्या धुळीत भात पेरलं जातं. पाऊस वेळेवर आला तर रोप जोमाने पुढे जातं. मधेच उघडीप पडली तर कोवळे कोंब करपतात आणि दुबार पेरणी नशिबी येते. शेतकरी पेरतो ते हवामानाचा अंदाज कळत नाही म्हणून नव्हे, तर पेरलं नसताना पाऊस आला तर जास्त जातं हे त्याला कळतं म्हणून. पावसाच्या शक्यतेइतकाच तो चुकीच्या किमतीचाही हिशेब करतो.

चाहत्याचंही तेच. १० वर्षं उगाच आशा धरली तर १० वर्षं हळहळ. पण ज्या वर्षी खरंच घडतं त्या वर्षी तुम्ही आशा सोडून बसला असाल, तर ते वर्ष तुमचं होत नाही. लेस्टर सिटी २०१५-१६ मध्ये लीग जिंकला, तेव्हा सुरुवातीला सट्टेवाल्यांनी त्यांना एकास पाच हजारचा भाव दिला होता. त्याच्या आधीच्या वर्षी ते १४ वे होते. इकडे आपल्याच राज्यातला बेंगळुरूचा क्रिकेट संघ १८ व्या हंगामात, ३ जून २०२५ ला, पहिल्यांदा आयपीएल जिंकला. पाट्यांच्या भाषेवरून जिथे पिढ्या भांडत आल्या त्या बेळगावात मराठी पोरं 'ई साला कप नमदे' (यंदा कप आपलाच) हे कानडी वाक्य वर्षानुवर्षं बिनदिक्कत म्हणत होती, आणि त्या रात्री ते खरं झालं. सीमाभागातल्या माणसाला वाट पाहणं कुणी शिकवावं लागत नाही. १९५६ पासून आमची घरं ते करत आली आहेत, आणि म्हणूनच असेल, कुणाच्या आशेला मी सहजासहजी खुळी म्हणू शकत नाही.

इथे लेस्टरचं उदाहरण जपून वापरायला हवं. आपल्याला लेस्टर आठवतो, कारण तो जिंकला. तसेच दुबळे ठरवलेले आणि खरोखर हरलेले संघ कुणाला आठवत नाहीत.

किंमतही खरी आहे. ब्रिटनमध्ये हजारो लोकांच्या मोबाइलवर वेळोवेळी मनःस्थिती नोंदवून केलेल्या अभ्यासात दिसलं की हरल्याचं दुःख जिंकल्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट असतं. नुसती बेरीज-वजाबाकी केली तर बहुतेक चाहते तोट्यातच निघतात. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीचे सामने होते त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण नेहमीच्या २.६६ पट झाले होते. घरात हृदयाचं दुखणं असलेलं कुणी सामना पाहत असेल तर हे गंभीरपणे घ्या.

तोट्यात असूनही माणूस परत का येतो, याचं उत्तर निकालात सापडत नाही, ते सर्वनामात सापडतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकन विद्यार्थ्यांना फोन करून त्यांच्या विद्यापीठाच्या सामन्याबद्दल विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल पोरं 'आम्ही' म्हणण्याकडे जास्त झुकत, हरलेल्याबद्दल 'ते'कडे. फोनवरच्या छोट्या परीक्षेत ज्यांना मुद्दाम नापास केलं होतं, त्यांच्यात हा फरक अधिक ठळक होता. ज्याचा स्वतःचा दिवस वाईट गेला, त्याला जिंकणाऱ्या 'आम्ही'ची गरज जास्त. मराठीत तर 'आम्ही'च्या पुढे 'आपण' आहे, ज्यात ऐकणाऱ्यालाही ओढून घेतलेलं असतं. भाचा मला 'आपण' म्हणतो तेव्हा मी फुटबॉल पाहत नसलो तरी त्या लाल जर्सीत अर्धा शिरलेलो असतो.

१७ ऑगस्टला पहिला सामना. आर्सेनलकडून घरच्या मैदानावर ०-१. "आपण चांगलं खेळलो पण," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात फुलहॅमशी १-१. मग २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी. दिवसभर पाहुणे, मोदक, आरत्या, आणि रात्री साडेबाराला लीग कपचा सामना, समोर चौथ्या श्रेणीतला ग्रिम्सबी टाउन. आरास केलेल्या खोलीत समई मंद तेवत होती आणि हा शेजारी बसून मोबाइलवर बघत होता. २-२ झालं, पेनल्टीवर गेलं, पेनल्टीही संपता संपेनात, आणि शेवटी ग्रिम्सबी १२-११ ने जिंकला. मी पाणी प्यायला उठलो तर तो भिंतीला टेकून बसलेला. "काय झालं रे?" "हरले ते," म्हणाला. 'ते' म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला बर्नलीशी सामना होता. तो मंडळाच्या आरतीला गेलाच नाही. मी आरतीहून परतलो तेव्हा २-२ चालू होतं आणि जादा वेळेतली मिनिटं मोजणं सुरू होतं. ९७ व्या मिनिटाला युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसने पेनल्टी मारली, आणि वरच्या खोलीतून जी आरोळी आली ती खालच्या पाहुण्यांनीही ऐकली. धडाधड जिना उतरत तो आला. माझ्या हातात प्रसादाची वाटी होती, ती सांडायची राहिली.

"मामा, जिंकलो आपण!"